केफ्लाविक : सैन्य नसलेल्या देशातला अमेरिकी तळ आणि कुंपणाबाहेरचे गाव

प्रश्न असा आहे की, आइसलँडमधील केफ्लाविकसारख्या छोट्या मच्छीमार गावाच्या उशाला परकी लष्करी तळ पन्नासहून अधिक वर्षे राहिला, तर त्या गावाचे नेमके काय झाले. तळ तिथे आला कसा, गेला का, आणि आता तो परत येत असल्याच्या बातम्यांत कितपत तथ्य आहे. परकी तळ आणि त्यांच्या शेजारची गावे हाच माझ्या अभ्यासाचा विषय असल्याने थोडे सविस्तर लिहितो. माझे मत आधीच सांगतो. केफ्लाविकला तळाने जितके घडवले तितकेच तळाभोवतीच्या कुंपणाने घडवले, आणि त्या कुंपणाचा आग्रह अमेरिकेचा नव्हता, आइसलँडच्या सरकारचा होता. त्यामुळे फिलिपिन्समधील ओलोंगापोसारख्या ठिकाणांवरून तयार झालेली ‘तळाशेजारच्या गावा’ची कल्पना, म्हणजे रस्ताभर मद्यगृहे, सैनिकांच्या खिशावर चालणारा बाजार आणि सैनिक गेल्यावर आलेली अवकळा, ही केफ्लाविकला जशीच्या तशी लावता येत नाही.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धापासून करावी लागते. १९४० साली आइसलँड हे डेन्मार्कच्या राजाला आपला राजा मानणारे, पण १९१८ पासून सार्वभौम असलेले आणि स्वतःचे सैन्य नसलेले राज्य होते. एप्रिलमध्ये जर्मनीने डेन्मार्क घेतला आणि १० मे १९४० रोजी ब्रिटिश फौजा रेक्याविकमध्ये उतरल्या. आइसलँडने तटस्थतेच्या भंगाचा निषेध नोंदवला, पण प्रतिकार केला नाही. पुढच्या वर्षी ब्रिटनला या फौजा अन्यत्र हव्या होत्या, म्हणून ७ जुलै १९४१ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरच्या पाच महिने आधी, अमेरिकेचे मरीन सैनिक तिथे दाखल झाले. युद्धाच्या ऐन भरात आइसलँडमधील अमेरिकी सैनिकांची संख्या ४०,००० च्या वर गेली होती, आणि देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम १,२०,००० होती. हे प्रमाण लक्षात घेतल्याशिवाय पुढच्या काळातील आइसलँडी राजकारणाची धास्ती कळत नाही. परकी सैनिक आणि स्थानिक स्त्रिया यांच्या संबंधांवरून त्या काळात इतके काहूर माजले की सरकारने त्याच्या चौकशीसाठी समिती नेमली होती. हा अनुभव राज्यकर्त्यांच्या पिढीने विसरलेला नव्हता.

केफ्लाविक तेव्हा रेक्यानेस द्वीपकल्पाच्या टोकाजवळचे हजार-दीड हजार वस्तीचे बंदर होते. गावाच्या वर मिदनेसचे उजाड, लाव्हाखडकाचे माळरान पसरलेले होते. शेतीच्या दृष्टीने निरुपयोगी असलेली ही जागा मोठ्या विमानांच्या धावपट्ट्यांसाठी मात्र उत्तम होती, आणि अटलांटिक ओलांडताना इंधन घेण्यासाठी अमेरिकेला नेमके तसेच ठिकाण हवे होते. १९४२ मध्ये लढाऊ विमानांसाठी पॅटरसन आणि १९४३ मध्ये बाँबफेकी व वाहतुकीच्या विमानांसाठी मीक्स अशी दोन मैदाने तयार झाली. त्यांतले मीक्स हे पुढे केफ्लाविकचा विमानतळ झाले. १९४३ च्याच मे महिन्यात युरोपातील अमेरिकी फौजांचे सेनापती फ्रँक अँड्र्यूज यांचे विमान केफ्लाविककडे येताना खराब हवामानात फाग्रादाल्सफ्याल या डोंगरावर कोसळले आणि ते ठार झाले. तळावरच्या चित्रपटगृहाला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. (२०२१ साली ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे जगाला परिचित झालेला डोंगर तो हाच.)

१७ जून १९४४ रोजी आइसलँड प्रजासत्ताक झाले, आणि सव्वा वर्षातच, ऑक्टोबर १९४५ मध्ये, अमेरिकेने केफ्लाविकसह तीन जागा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मागितल्या. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला ही मागणी मान्य होण्यासारखी नव्हती, पण ती पूर्ण झिडकारण्याचीही सोय नव्हती. ऑक्टोबर १९४६ च्या केफ्लाविक करारात मधला मार्ग काढला गेला. अमेरिकी सैन्य सहा महिन्यांच्या आत जाणार, विमानतळ आइसलँडच्या मालकीचा होणार, पण जर्मनीतल्या आपल्या फौजांच्या रसदीसाठी अमेरिकेला तो वापरता येणार आणि तो चालवणार अमेरिकेने नेमलेली खासगी कंपनी, असे त्याचे स्वरूप होते. आल्थिंगने, म्हणजे तिथल्या संसदेने, तो ३२ विरुद्ध १९ मतांनी मान्य केला आणि त्यापायी समाजवादी पक्ष सत्तेतून बाहेर पडून ओलाफुर थोर्स यांचे सरकार कोसळले. तळाच्या प्रश्नावर पडलेले हे पहिले सरकार. गणवेशातले सैनिक गेले, विमानतळावर नागरी पोशाखातले अमेरिकी कर्मचारी राहिले, आणि केफ्लाविकच्या दृष्टीने फार काही बदलले नाही.

मार्च १९४९ मध्ये आइसलँडने नाटोत जाण्याचा निर्णय ३७ विरुद्ध १३ मतांनी घेतला, तेव्हा संसदेसमोरच्या चौकात दगडफेक आणि अश्रुधूर असा प्रकार झाला. त्या समाजात असे दृश्य पूर्वी क्वचितच कोणी पाहिले असेल. प्रवेश करताना आइसलँडने आपल्याकडे सैन्य नसल्याचे मान्य करून घेतले आणि शांततेच्या काळात परकी फौज आपल्या भूमीवर राहणार नाही, असा अर्थही त्या प्रवेशाला लावला. परंतु जून १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले आणि ‘शांततेचा काळ’ याचा अर्थच बदलला. ५ मे १९५१ रोजी अमेरिकेशी संरक्षण करार झाला. त्या वेळी संसदेचे अधिवेशन चालू नव्हते. समाजवादी वगळता इतर पक्षांच्या खासदारांची संमती आधी खासगीत मिळवण्यात आली, ७ मे रोजी सैनिक उतरले, आणि संसदेची औपचारिक मंजुरी त्यानंतर घेतली गेली. करार नाटोच्या वतीने झाला असल्याने आइसलँडने जागेचे भाडे कधीच घेतले नाही. देशात अधूनमधून ‘फुकट कशाला, भाडे घ्या’ अशी सूचना येई, पण स्वातंत्र्य भाड्याने दिल्यासारखे दिसेल म्हणून ती दर वेळी बाजूला सारली गेली. भाडे न घेता मिळकतीचे इतर मार्ग कसे शोधले गेले, याकडे पुढे वळतो, कारण केफ्लाविकचा खरा इतिहास तिथेच आहे.

पहिली दोन-तीन वर्षे गोंधळाची होती. बांधकामाचे कंत्राट अमेरिकी कंपन्यांच्या समूहाकडे होते. देशभरातून माणसे तिथे कामाला लोटली, बराकींत राहू लागली, आणि वेतन, वागणूक आणि कामाचे तास यांवरून रोज तंटे होऊ लागले. मासेमारीच्या होड्यांना आणि शेतांना माणसे मिळेनात. सैनिक रेक्याविकपर्यंत मोकळे फिरत. १९५३ साली सत्तेत आलेल्या आघाडीत परराष्ट्र खाते प्रगतिशील पक्षाकडे गेले. त्या पक्षाचा मतदार मुख्यतः ग्रामीण होता आणि त्याला तळाचा उपद्रव सर्वाधिक खुपत होता. १९५४ मध्ये नव्या अटी ठरल्या. तळाला कुंपण घालायचे, सैनिकांनी बाहेर जाण्याच्या वेळा काटेकोर ठरवायच्या, आणि अमेरिकी कंत्राटदारांनी टप्प्याटप्प्याने जाऊन त्यांची जागा आइसलँडी कंत्राटदारांनी घ्यायची. सैनिक कुठे आणि किती वाजेपर्यंत असावेत हे यजमान देशाने ठरवल्याची अशी उदाहरणे तळांच्या इतिहासात फार नाहीत.

याच चार हात लांब ठेवण्याच्या धोरणाची एक लाजिरवाणी बाजूही सांगितली पाहिजे. कृष्णवर्णीय सैनिक पाठवू नयेत, अशी विनंती आइसलँडच्या सरकारने अमेरिकेकडे गुप्तपणे केली होती आणि अमेरिकेने ती दीर्घकाळ पाळली. स्वतःच्या सैन्यातला वर्णभेद संपवल्याचे जाहीर केलेल्या अमेरिकेला ही अट अडचणीची होती, तरीही तळ हातचा जाऊ नये म्हणून ती गिळली गेली. १९६० च्या दशकात ती सैल होऊ लागली आणि त्यानंतर मागे पडली. छोट्या राष्ट्राच्या अस्मितेचे कौतुक करताना आपण हा भाग सहसा वगळतो.

कुंपणामुळे केफ्लाविकमध्ये ओलोंगापोसारखा बाजार उभा राहिला नाही. ओलोंगापो हे गाव डिसेंबर १९५९ पर्यंत अमेरिकी नौदलाच्याच प्रशासनाखाली होते आणि १९९२ साली शेजारचा सुबिकचा अमेरिकी नौदल तळ बंद होईपर्यंत जहाजांवरून उतरणाऱ्या खलाशांचा खर्च हाच तिथल्या गल्ल्यांचा प्राणवायू होता. केफ्लाविकमध्ये सैनिकाचा पगार मुख्यतः कुंपणाच्या आतच खर्च होई. तळावर स्वतःची शाळा, रुग्णालय, चर्च, चित्रपटगृह, बोलिंगची जागा, करमुक्त भांडार असे सगळे होते. मद्याच्या बाबतीत तर आइसलँडचे कायदे इतके कडक होते की बिअरवर १९१५ पासून १ मार्च १९८९ पर्यंत बंदीच होती. त्यामुळे वाहतूक उलट्या दिशेने चाले, आणि तळावरची बिअर, सिगारेट व टर्की पक्षी कुंपणाबाहेर कसे येतात याच्या सुरस कथा गावात सांगितल्या जात.

गावाच्या पदरात पडले ते वेगळ्या वाटेने. एक वाट म्हणजे पगार. तळावरील अग्निशमन दल, भांडारे, वाहन दुरुस्ती, स्वयंपाकघरे, लेखा विभाग यांत आइसलँडी कर्मचारी असत, त्यांचे वेतन देशातल्या कामगार करारांप्रमाणे ठरे, आणि मासेमारीसारखे ते हंगामी नसे. ज्या घरात एक जण होडीवर आणि एक जण तळावर असे, त्या घराला मासळीचे वाईट वर्ष भिववत नसे. तळावर कामाला असलेली माणसे त्याला नुसते ‘मैदान’ म्हणत. ती मैदानावर जात आणि मैदानावरून येत, आणि या रोजच्या बोलण्यात परके सैन्य कुठे डोकावत नसे. विमानतळावरचे अग्निशमन दल जवळजवळ संपूर्णपणे स्थानिक माणसांचे होते आणि अमेरिकी नौदलाच्या दलांत त्याने वारंवार पारितोषिके मिळवली, याचा अभिमान तिथे अजूनही आहे.

दुसरी वाट कंत्राटांची, आणि तिथे गावाचा वाटा वाटतो तेवढा मोठा नव्हता. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या ईस्लेन्स्किर आदालव्हेर्कताकार या कंपनीला तळावरील बांधकामाची मक्तेदारी मिळाली. तिच्यात निम्मा हिस्सा खासगी कंत्राटदारांच्या संघटनेचा, पाव हिस्सा सहकारी चळवळीतल्या कंपनीचा आणि पाव हिस्सा सरकारचा होता. खासगी कंत्राटदार स्वातंत्र्य पक्षाच्या जवळचे आणि सहकारी चळवळ प्रगतिशील पक्षाची, त्यामुळे तळाचा पैसा दोन मोठ्या पक्षांच्या गोतावळ्यात वाटला गेला. १९५० च्या दशकात तळामुळे येणारे डॉलर देशाच्या परकीय चलनाच्या मिळकतीतला मोठा भाग होते. या व्यवस्थेची सूत्रे रेक्याविकमध्ये होती. तळाचा प्रदेश परराष्ट्र मंत्रालयाच्या संरक्षण विभागाकडे होता, त्याला वेगळा पोलीस प्रमुख होता, आणि गावाच्या नगरपालिकेला आपल्याच वेशीवरच्या या मुलखात काहीही ठरवता येत नव्हते. माझ्या मते केफ्लाविकचे मुख्य दुखणे हेच होते. तळाचा आवाज, धूर, सांडपाणी आणि बदनामी गावाच्या वाट्याला, तर निर्णय आणि नफ्याचा मोठा भाग राजधानीकडे, अशी ही विभागणी होती.

धुराविषयी आणि पाण्याविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण राजकीय इतिहासात त्याला एखादे वाक्य मिळते आणि गावाच्या आठवणीत मात्र त्याचीच जागा मोठी असते. केफ्लाविक आणि शेजारचे न्यार्दविक यांच्या मधोमध इंधनाच्या टाक्यांचे मैदान होते. त्यामुळे दोन्ही गावांची वाढ एकमेकांच्या दिशेने होऊ शकत नव्हती, आणि गळतीमुळे जमीन खराब झाली होती. १९८० च्या दशकात नाटोच्या खर्चाने हेल्गुविक येथे नवे बंदर आणि इंधनसाठा उभारण्याचे काम सुरू झाले. त्याला डाव्या पक्षांनी ‘तळाचा विस्तार’ म्हणून विरोध केला, तर गावातल्या अनेकांना टाक्या दारातून जातात हेच महत्त्वाचे वाटले. भूगर्भातील पाणी हा आणखी गंभीर प्रश्न होता. यंत्रांचे भाग धुण्यासाठी वापरलेली द्रावके जमिनीत मुरून पिण्याच्या पाण्यापर्यंत पोहोचल्याचे आढळले, आणि शेवटी अमेरिकेच्या खर्चाने दूरवर नव्या विहिरी खोदून पाणीपुरवठ्याची व्यवस्था बदलावी लागली. लाव्हाखडक इतका सच्छिद्र असतो की वर सांडलेले काहीही खाली जायला वेळ लागत नाही. ही बाब तळाची जागा निवडताना कोणी विचारात घेतली नव्हती.

उलट बाजूला उष्णजलाचे उदाहरण आहे. १९७० च्या दशकात स्थापन झालेल्या प्रादेशिक भूऔष्णिक कंपनीने स्वार्त्सेंगी येथून द्वीपकल्पातल्या गावांना गरम पाणी पुरवायला सुरुवात केली. नियमित पैसे देणारा तळासारखा मोठा ग्राहक मिळाल्यामुळे त्या प्रकल्पाचे गणित जमले. त्याच वीजकेंद्रातून बाहेर पडणारे खनिजयुक्त पाणी लाव्हाच्या खळग्यात साठून ब्लू लगून तयार झाले. आज तिथे पोहणाऱ्या पर्यटकांना या ग्राहकाची आठवण असण्याचे काही कारण नाही.

कुंपणाला अडवता आले नाही असे एकच माध्यम होते, ते म्हणजे ध्वनिलहरी आणि चित्रलहरी. तळाचे रेडिओ केंद्र दिवसभर अमेरिकी संगीत वाजवी, तर राष्ट्रीय रेडिओवर तशा संगीताला फारशी जागा नव्हती. केफ्लाविकची तरुण मुले ते ऐकत मोठी झाली, तळावरच्या क्लबांत वाजवायला जाऊ लागली, आणि १९६३ मध्ये गावात ह्ल्योमार हा वाद्यवृंद स्थापन झाला, ज्याच्यापासून आइसलँडी पॉप संगीताचा इतिहास सांगायला सुरुवात होते. देशातले रॉक संगीताचे संग्रहालय राजधानीत न उभारता याच भागात उभारले गेले, त्याचे कारण हे. दूरचित्रवाणीने मात्र राष्ट्रीय वाद ओढवला. १९५५ मध्ये तळासाठी सुरू झालेल्या छोट्या केंद्राची क्षमता १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वाढवण्यात आली आणि रेक्याविकमध्ये घरोघरी अँटेना उभ्या राहिल्या. १९६४ साली साठ नामवंतांनी संसदेला निवेदन देऊन हे प्रक्षेपण तळापुरते मर्यादित करण्याची मागणी केली. परकी केंद्राला एकदम बंद करण्यापेक्षा स्वतःचे केंद्र काढणे सरकारला सोपे वाटले असावे, कारण ३० सप्टेंबर १९६६ रोजी आइसलँडची राष्ट्रीय दूरचित्रवाणी सुरू झाली, आणि तळाचे प्रक्षेपण १९७४ मध्ये तळाच्या हद्दीत आणले गेले. आइसलँडने तळाच्या विरोधात केलेली सर्वांत परिणामकारक कृती हीच, असे मी मानतो.

देशपातळीवरच्या चळवळींबद्दल येथे थोडक्यात सांगतो. २८ मार्च १९५६ रोजी संसदेने सैन्य परत पाठवण्याचा ठराव केला आणि निवडणुकीनंतर हेरमान योनासन यांचे डाव्यांसह सरकारही आले, परंतु त्याच शरद ऋतूत हंगेरीत सोव्हिएत रणगाडे घुसले आणि ठराव गुंडाळला गेला. अमेरिकेकडून त्याच सुमारास सवलतीची कर्जे मिळाली, हा योगायोग नव्हता. १९६० पासून तळविरोधकांनी केफ्लाविक ते रेक्याविक असा सुमारे ५० किलोमीटरचा पायी मोर्चा अधूनमधून काढला. १९७१ च्या डाव्या आघाडीने पुन्हा सैन्य घालवण्याची घोषणा केली, तेव्हा १९७४ च्या आरंभी तळ राहावा म्हणून ५५,००० हून अधिक नागरिकांनी सह्या केल्या. मतदारसंख्येच्या मानाने हा आकडा प्रचंड होता. याच दशकात ब्रिटनबरोबर मासेमारीच्या हद्दीवरून संघर्ष चालू होते, आणि आइसलँडने ‘तळ बंद करू’ हे न बोललेले किंवा अर्धवट बोललेले हत्यार वाटाघाटीत पुरेपूर वापरले. १९७६ मध्ये २०० मैलांची हद्द मान्य होण्यात केफ्लाविकच्या धावपट्टीचा वाटा होता, हे आता बहुतेक अभ्यासक मान्य करतात.

गावासाठी मात्र १९७४ मध्ये तळाबाबत अमेरिकेशी झालेला समझोताच निर्णायक ठरला, आणि तो सहसा दुर्लक्षित राहतो. त्यापूर्वी अनेक सैनिकी कुटुंबे केफ्लाविक आणि न्यार्दविकमध्ये भाड्याने राहत असत. त्यांची मुले गावातल्या मुलांबरोबर खेळत, आणि घरमालकांना डॉलरमध्ये भाडे मिळे. नव्या समझोत्यानुसार सर्व सैनिकांची घरे तळावरच बांधायची आणि प्रवासी विमानतळ लष्करी भागापासून वेगळा करायचा असे ठरले. तोवर परदेशी जाणाऱ्या आइसलँडी नागरिकाला स्वतःच्याच देशात लष्करी फाटकावर थांबून आत जावे लागे. नवी प्रवासी इमारत १४ एप्रिल १९८७ रोजी खुली झाली आणि तिच्या खर्चात अमेरिकेनेही वाटा उचलला. यानंतरच्या पिढीला अमेरिकी शेजारी राहिले नाहीत, फक्त अमेरिकी विमानांचा आवाज राहिला.

त्या आवाजामागचे लष्करी काम काय होते, हेही सांगायला हवे. १९६१ पासून तळाचे व्यवस्थापन हवाई दलाकडून नौदलाकडे गेले, कारण मुख्य काम पाणबुड्यांचे होते. सोव्हिएत उत्तरी ताफ्याला अटलांटिकमध्ये उतरायचे तर ग्रीनलँड, आइसलँड आणि ब्रिटन यांच्यामधल्या सागरी फटीतूनच जावे लागे. केफ्लाविकहून उडणारी, पाणबुड्या शोधणारी ओरायन विमाने आणि समुद्रतळावर टाकलेल्या ध्वनिग्राहकांचे जाळे यांच्या साहाय्याने ही फट राखली जाई. जोडीला हवाई दलाची लढाऊ विमाने उत्तरेकडून येणाऱ्या सोव्हिएत बाँबफेकी विमानांना गाठून सोबत करत आणि १९८० च्या दशकाच्या मध्यात अशा गाठीभेटी वर्षाला शंभराच्या वर गेल्या. गावकऱ्यांच्या लेखी मात्र तळाचे सर्वांत आदराचे अंग म्हणजे बचाव पथकाची हेलिकॉप्टरे होती. वादळात सापडलेल्या मच्छीमारांसह सुमारे तीनशे माणसांचे प्राण त्यांनी वाचवले. तळाला कडवा विरोध करणारा खलाशीसुद्धा या पथकाविषयी वाईट बोलत नसे.

सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर या सगळ्याची गरज सरली. १९९३ पासून अमेरिका लढाऊ विमाने काढू पाहत होती आणि आइसलँड ती ठेवण्यासाठी झगडत होते. चाळीस वर्षांपूर्वी सैन्य नको म्हणणारा देश आता ते जाऊ नये म्हणून विनवत होता. १९९४ आणि १९९६ च्या समझोत्यांनी विमानांची संख्या चारवर आली. २००३ मध्ये पंतप्रधान दाविद ऑडसन यांनी थेट राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याकडे शब्द टाकून निर्णय लांबवला. अखेर १५ मार्च २००६ रोजी सैन्य काढून घेत असल्याचा वॉशिंग्टनहून दूरध्वनी आला आणि ३० सप्टेंबर २००६ रोजी ध्वज उतरला. इराक आणि अफगाणिस्तानात गुंतलेल्या अमेरिकेला उत्तर अटलांटिकमध्ये खर्च नको होता, एवढेच त्याचे साधे कारण होते. आइसलँडच्या वाटाघाटींत कसर राहिली, ही टीका मला पटत नाही, कारण विकायला काही उरलेलेच नव्हते.

जाताना तळाने जे सोडले ते चमत्कारिक होते. रिकाम्या सदनिका, शाळा, क्रीडागृहे, आणि या सगळ्यांना अमेरिकी पद्धतीची वीजव्यवस्था, म्हणजे ११० व्होल्ट आणि अमेरिकी खटके. राहायला माणसे आणण्याआधी वायरिंग बदलणे हेच मोठे काम झाले. सरकारने त्यासाठी विकास कंपनी स्थापन केली. २००७ पासून तिथे केइलिर ही शिक्षणसंस्था आणि विद्यार्थ्यांची घरे आली, पुढे परिसराला आउस्ब्रू हे नाव मिळाले, आणि थंड हवा व स्वस्त विजेच्या जोरावर डेटा सेंटरही उभे राहिले. जनरल अँड्र्यूज यांच्या नावाचे चित्रपटगृहही टिकून आहे.

गावाला तळाच्या जाण्याने एकट्याने मोडले नाही, हे आवर्जून सांगतो. नोकऱ्या गमावलेल्या शेकडो कर्मचाऱ्यांपैकी पुष्कळांना वाढत्या विमानतळाने सामावून घेतले. खरा फटका ऑक्टोबर २००८ मधील बँका कोसळल्याचा होता. तोही याच भागाला सर्वाधिक बसला, कारण इथला मासेमारीचा कोटा, म्हणजे ठरावीक मासळी पकडण्याचा हक्क, आधीच दुसरीकडे विकला गेला होता. कायमचा पगार देणारा तळ शेजारी असताना होड्या टिकवण्याची निकड वाटली नाही, असे तिथे बोलले जाते, आणि त्यात बरेच तथ्य आहे. तळाची जागा घेण्यासाठी हेल्गुविक येथे ॲल्युमिनियम कारखान्याचा पाया २००८ मध्ये घातला गेला, पण तो कधी पूर्ण झाला नाही. त्यानंतर आलेला सिलिकॉन कारखाना प्रदूषणाच्या तक्रारींमुळे २०१७ मध्ये बंद पडला. शेवटी तारले ते पर्यटनाने, आणि २०१८ मध्ये विमानतळावरून सुमारे एक कोटी प्रवासी गेले. म्हणजे एका मोठ्या मालकाची जागा दुसऱ्या मोठ्या मालकाने घेतली. २०१९ मध्ये वॉव एअर ही आइसलँडी विमान कंपनी बुडाली आणि पाठोपाठ महासाथ आली, तेव्हा या भागातील बेरोजगारी पाचव्या हिश्शाच्या आसपास पोहोचली. केफ्लाविक, न्यार्दविक आणि हाफ्निर ही गावे १९९४ मध्ये एकत्र येऊन झालेली रेक्यानेसबेर नगरपालिका आज वीस हजारांवर वस्तीची आहे आणि तिच्यात परदेशातून आलेल्यांचा, विशेषतः पोलंडमधून आलेल्यांचा, वाटा मोठा आहे.

आता परतीच्या बातम्यांविषयी. १९५१ चा करार रद्द झालेला नाही, त्यामुळे कायदेशीरदृष्ट्या अमेरिकेला नवे काही मागावे लागत नाही. मे २००८ पासून नाटोचे सदस्य देश आळीपाळीने काही आठवड्यांसाठी लढाऊ विमाने पाठवतात. रशियाच्या पाणबुड्यांची हालचाल वाढल्यापासून अमेरिकी पोसायडन गस्ती विमानेही नियमित येतात, त्यांच्यासाठी विमानगृहे आणि फरशीबंद जागा सुधारल्या गेल्या आहेत, आणि २०१९ मध्ये बी-२ जातीचे बाँबफेकी विमान प्रथमच तिथे उतरले. मात्र कुटुंबे, शाळा, भांडार आणि स्थायी छावणी यांतले काहीही परत आलेले नाही. तुकड्या येतात, विमानतळाच्या आवारातच राहतात आणि मुदत संपल्यावर जातात. स्थानिक कंत्राटदारांना बांधकामाची काही कामे मिळतात आणि देखभालीसाठी थोडी माणसे लागतात, पण घराघरांत कायमचा पगार आणणारा मालक म्हणून तळ परतलेला नाही, आणि सध्याच्या लष्करी पद्धतीत तो तसा परतण्याची शक्यताही मला दिसत नाही. गावातल्या पंचेचाळीस-पन्नाशीच्या पुढच्या माणसांना जो तळ आठवतो त्यासारखे काही येत असल्याचे कोणी सांगत असेल, तर त्याने वाढणाऱ्या विमानफेऱ्या पाहिल्या आहेत, कुंपणाच्या आतली वस्ती पाहिलेली नाही.